बार्शी लाइट

"लाइट गेल्ती, आली, आन् तवापासनं कॉम्प्युटर लई स्लो चालतोय. येतोस का?"

वीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, याचा हिशोब नाही. माणसं बदलतात, मशिनं बदलतात, वाक्य तेच. आमच्या बार्शीत तर त्याला एक पदवीही आहे. मार्केट यार्डातले जुने आडते म्हणतात, "कॉम्प्युटरची पार बार्शी लाइट झालीय." बार्शी लाइट म्हणजे आमची जुनी रेल्वे. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला धावू लागली, रूळ अडीच फुटी. धावू लागली हा शब्द जरा मोठाच झाला. चालत्या गाडीतून उतरायचं, विहिरीवर पाणी प्यायचं आणि पळत जाऊन पुन्हा आपल्याच डब्यात बसायचं, अशा गोष्टी सांगणारे म्हातारे मी लहानपणी पाहिलेत. आता तिथे ब्रॉडगेज आहे. पण गावाला दोन्ही अर्थांनी 'लाइट' पुरून उरलेली आहे. एक हळू चालायची, दुसरी मधूनच जाते.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. पाटी लावून दुकान टाकलं ते २००५ साली, म्हणजे भारनियमनाच्या ऐन भरात. दिवसाचे आठ-आठ, दहा-दहा तास लाइट नसायची. वेळापत्रक पेपरात यायचं आणि लाइट ते वाचत नसायची. माझा धंदा त्या अंधारावरच उभा राहिला, हे कबूल करायला हरकत नाही. लाइट जाणार, येताना दोन झटके देणार आणि तासाभरात माझा फोन वाजणार.

तेव्हा माझ्याकडे औषध एकच होतं, फॉर्मॅट. मशीन स्लो आहे? फॉर्मॅट मारा, विंडोज नव्याने टाका, तीनशे रुपये घ्या. तीन तासांचं काम. पाटी पुसून कोरी केली की मशीन खरंच पळायचं. गिऱ्हाईक खूश, मी खूश. औषध लागू पडतंय म्हटल्यावर रोग कोणता, हे विचारायची गरज कुणाला वाटते?

गरज वाटली ती एका एमएस-सीआयटीच्या केंद्रात. साल २००७ असावं. दहा कॉम्प्युटर होते, सगळे एक्सपीवाले. त्यातले तीन मी मार्चमध्ये फॉर्मॅट केले. मे महिन्यात तेच तीन परत हळू झाले. केंद्राचे सर सभ्य माणूस. ते काही बोलले नाहीत, पण चहा सांगितला नाही. त्यावरून समजलो. फॉर्मॅटची सीडी बाहेर काढली, तर तिथे शिकवणारा एक पोरगा म्हणाला, "सर, एक गंमत दाखवू?" त्याने एका मशीनवर गाणं लावलं आणि मागे एक मोठी फाईल कॉपीला टाकली. गाणं फाटायला लागलं. माउसचा बाण अडखळत, उड्या मारत चालला. शेजारच्या चांगल्या मशीनवर तेच केलं, तर गाणं सुरळीत. "फाईल कॉपी करताना प्रोसेसरला एवढी धाप का लागते?" तो म्हणाला. वीस वर्षांचा पोरगा. मला उत्तर माहीत नव्हतं.

त्या रात्री शोधत बसलो आणि सापडलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये खोल आत, हार्ड डिस्कच्या चॅनेलच्या पोटात एक ओळ होती. चांगल्या मशीनवर ती म्हणत होती 'अल्ट्रा डीएमए मोड ५'. या तिन्हींवर ती म्हणत होती 'पीआयओ मोड'.

हा फरक आडतीवर हमाल पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल. डीएमए म्हणजे हमाल गाडीतून कट्टे उचलतात आणि परस्पर गोदामात नेऊन थप्पी लावतात. दिवाणजी गादीवर बसून फक्त मोजदाद लिहितो. पीआयओ म्हणजे एकही हमाल नाही. दिवाणजीनेच उठायचं, एक कट्टा पाठीवर घ्यायचा, गोदामात टाकायचा, परत येऊन वहीत एक रेघ मारायची आणि पुन्हा उठायचं. प्रोसेसर हा दिवाणजी. त्याला धाप लागणार नाही तर काय?

पण हमाल गेले कुठे? तर एक्सपीचा नियम असा होता की डिस्कशी बोलताना एकूण सहा वेळा चूक झाली, म्हणजे उत्तर वेळेत आलं नाही किंवा आलेली माहिती ताडून पाहिल्यावर जुळली नाही, की वेग एक पायरी खाली आणायचा. चुका होतच राहिल्या तर आणखी एक पायरी खाली. शेवटी पीआयओ. लाइट येता-जाता जे हिसके बसतात, त्यात अशा चुका सहज व्हायच्या. महत्त्वाचं पुढेच आहे. वेग एकदा उतरवला की विंडोज तो आपणहून परत चढवत नसे. चुका थांबून महिना झाला, लाइट सरळ आली, डिस्क ठणठणीत आहे, तरी मशीन जुन्या सहा चुकांची आठवण धरून रांगत राहायचं. ते चॅनेल तिथून काढून टाकायचं आणि मशीन रिस्टार्ट करायचं, एवढाच उपाय. विंडोज ते नव्याने ओळखायचं आणि जुनं सगळं विसरून जायचं. काम दोन मिनिटांचं. मी दोन वर्षं त्याचे तीन तास आणि तीनशे रुपये करत होतो. फॉर्मॅटने सुटायचं ते याच कारणाने. घरातला एक कांदा सडला म्हणून मी घर पाडून नवं बांधत होतो आणि वास गेला म्हणून शाबासकी घेत होतो.

तेव्हापासून एक गोष्ट मनात बसली. लाइटनंतर हळू झालेलं मशीन मोडलेलं असेलच असं नाही. कित्येकदा ते घाबरलेलं असतं. त्याने चुका मोजल्या आणि पाय जपून टाकायचं ठरवलं. कशाने घाबरलं, हे शोधणं हे आपलं काम. पुसून टाकणं नव्हे.

हे कळल्यावर मी हुशार झालो असं मला वाटलं. त्या हुशारीची किंमत दुसऱ्या कुणी तरी दिली.

२०११ चा मे महिना, लग्नांची दाट तिथी. एका फोटो स्टुडिओवाल्याचा फोन आला. वादळी पाऊस झाला होता, तीन-चार वेळा लाइट जाऊन आली होती आणि फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं लागत होती. मी गेलो. डीएमए वगैरे सगळं ठीक होतं. कान लावला तर डिस्कमधून मधूनमधून बारीक टक्-टक् ऐकू येत होती. ऐकू आली, तरी मी मनावर घेतली नाही. मला वाटलं, लाइटमुळे डिस्कवर खराब जागा पडल्या असतील, त्या तपासून बाजूला टाकू. चेकडिस्कचा पूर्ण तपासाचा हुकूम दिला, रात्रभर चालू ठेवायला सांगितलं आणि घरी जाऊन जेवलो.

आता त्या डब्यात काय चालतं ते सांगायला हवं. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला १२०. तिच्यावरून वाचणारं डोकं तबकडीला टेकत नाही. काही नॅनोमीटर अंतर राखून हवेच्या थरावर तरंगतं. त्या फटीपुढे माणसाचा केस म्हणजे डोंगर. अचानक लाइट गेली की हे डोकं तबकडीवरून बाजूला कोण घेतं? वीज तर नाही. फिरणाऱ्या तबकडीत जो वेग शिल्लक असतो, त्यातूनच वीज काढून ती डिस्क डोकं सुरक्षित जागी ओढून नेते. चाक थांबता थांबता कुंभाराने मडकं उतरवून घ्यावं तसं. मला हे अजूनही सुंदर वाटतं. धडधाकट डिस्कला हे रोज जमतं. म्हाताऱ्या, थकलेल्या डिस्कला कधी जमतं, कधी नाही.

ती डिस्क थकलेली होती. टक्-टक् म्हणजे डोकं वाचायला जात होतं, चुकत होतं आणि मागे येऊन पुन्हा जात होतं. तिला विश्रांती हवी होती. असलेला माल हळूच उतरवून घ्यायला हवा होता. आणि मी तिला सांगितलं की तबकडीचा प्रत्येक कोपरा वाचून काढ. खांदा सुजलेला बैल नांगराला जुंपावा, तसं झालं. सकाळी मशीन सुरू केलं तेव्हा कॉम्प्युटरला डिस्क दिसतच नव्हती.

तिच्यात दोन लग्नं होती. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी रिकामी केलेली. पुण्यात डेटा काढून देणाऱ्यांकडे डिस्क पाठवली. त्यांनी उघडली आणि तबकडीवर ओरखडे पडल्याचं कळवलं. काही निघालं नाही. स्टुडिओवाला माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो दोन्ही घरी गेला, हात जोडले आणि मग आठवडाभर पाहुण्यांच्या घरी फिरून त्यांच्या मोबाइलमधले फोटो गोळा करत राहिला. २०११ चे मोबाइल. चाळीस पानी अल्बमच्या जागी अठरा पानी अल्बम झाला, त्यातही निम्मे फोटो धूसर. त्याने पैसे परत केले. मी त्याला नवी डिस्क घेऊन दिली. त्याने ती घेतली, पण पुढचं काम मला दिलं नाही. त्यात त्याचं काही चुकलं नाही.

त्यानंतर माझ्या कामाचा क्रम बदलला. आधी माल उतरवून घ्यायचा, मग गाडी तपासायची. गिऱ्हाईक कितीही घाई करो, मशीन वरवर कितीही साधं वाटो.

आणि आता २०१९ सालचा सप्टेंबर. उडदाचा हंगाम. बार्शी यार्डात त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. ट्रॅक्टर, पिकअप, छोटा हत्ती यांच्या रांगा, चाळणीची धूळ, लिलावाचा गलका. ज्या आडतीवरून फोन आला तिथले काका माझ्या वडिलांच्या ओळखीतले, म्हणून मला 'अरे-तुरे'. मी पोहोचलो तेव्हा गादीपुढे पंधरा-वीस शेतकरी पट्टीसाठी खोळंबले होते. माल विकला गेला, वजन झालं, पण हमाली, तोलाई कापून किती हातात पडणार, त्याची पट्टी छापून निघत नव्हती. कॉम्प्युटर एका पट्टीला चार-पाच मिनिटं घेत होता. पासष्टीचे दिवाणजी शेवटी हाताने पट्ट्या लिहायला बसले होते आणि खरं सांगायचं तर कॉम्प्युटरपेक्षा पुढे होते.

"कालच्याला लाइट गेली, तवापासनं बार्शी लाइट झालाय," काका म्हणाले. "काय ते फॉर्मॅट-बिर्मॅट मार आन् मोकळं कर."

'लाइट गेल्यापासून स्लो' या एका तक्रारीच्या पोटात निदान पाच रोग असतात. ते एकेक हातावेगळे करत जायचे. कधी मशीन ठीकच असतं, इंटरनेटचा राउटर अर्धवट सुरू झालेला असतो. तो एकदा बंद-चालू केला की काम भागतं. कधी मदरबोर्डवरचा बटणासारखा तीन व्होल्टचा सेल संपलेला असतो. तोवर लाइटच्या जिवावर घड्याळ चालत असतं. लाइट जाते आणि तारीख पाच-दहा वर्षं मागे जाऊन पडते. मग बँकेची, जीएसटीची साइट उघडतच नाही, कारण साइटचा दाखला मशीनच्या मते अजून लागूच झालेला नसतो. लोक त्यालाही स्लो म्हणतात. कधी प्रोसेसरवरचा पंखा धुळीने गच्च असतो. एकदा बंद पडल्यावर तो नीट फिरत नाही, प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. कधी लाइट गेली तेव्हा विंडोजचं अपडेट अर्ध्यात असतं, ते मागून निस्तरणं चालू असतं. आणि कधी डिस्क गेलेली असते.

तारीख पाहिली, बरोबर. पंखा फिरत होता, धूळ होती पण गरम हवा बाहेर येत होती. टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर दहा टक्क्यांवर आरामात, मेमरी अर्धी रिकामी, आणि डिस्कच्या रकान्यात शंभर टक्के. पण त्या शंभर टक्क्यांत वाहतूक होत होती सेकंदाला जेमतेम अर्धा एमबी. म्हणजे रस्ता गच्च भरलेला आणि माल काहीच पोहोचत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये काल दुपारी साडेतीनची नोंद होती, कर्नल-पॉवर ४१. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढाच तिचा अर्थ. त्यानंतर १५३ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागलेली. डिस्ककडून उत्तर आलं नाही, पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं.

माझ्या पोटात गोळा आला. मे २०११ आठवला. मी कान लावला. आवाज नव्हता. पण मी आता कानावर विश्वास ठेवत नाही.

"काका, आधी सगळा हिशोब बाहेर काढून घेतो. तासभर लागेल."

"तासभर? ही माणसं बघ की!"

"माणसं थांबतील काका. हिशोब गेला तर वर्षभर ही माणसं तुमच्यापुढं थांबतील."

काकांना ते आवडलं नाही, पण दिवाणजींना पटलं. ते मान वर न करता म्हणाले, "त्याला करू द्या. मी लिहितोय." माझ्या बाजूने उभा राहिलेला तो एकटाच माणूस. आणि कॉम्प्युटर आल्यावर त्याचंच काम अर्धं झालं होतं.

कॉपी सुरू करण्याआधी डिस्कचं आरोग्यपत्रक उघडलं. प्रत्येक डिस्क स्वतःची नोंदवही ठेवते. किती तास चालली, किती वेळा सुरू झाली, किती जागा खराब होऊन बदलून घेतल्या, किती जागा संशयित आहेत. खराब जागा, शून्य. संशयित जागा, शून्य. मी दोनदा वाचलं. डिस्क चांगली होती. पण खाली एका ओळीत आकडा होता, २८७. ती ओळ सी-सेव्हन, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत माहिती खराब होऊन पोहोचल्याची गणती. आणि वर वेगाच्या रकान्यात डिस्कची ऐपत लिहिली होती साटा ६००, चालू वेग १५०. म्हणजे हीसुद्धा घाबरून खालच्या पायरीवर उतरली होती. बारा वर्षांपूर्वीच्या एमएस-सीआयटी केंद्रातली ती ओळ मला पुन्हा दिसली. पद्धत वेगळी, विंडोज वेगळं, डिस्क वेगळी, स्वभाव तोच.

तासाभरात होणारी कॉपी व्हायला दीड तास लागला. संपली तेव्हा पुन्हा पाहिलं. खराब जागा शून्य, संशयित शून्य, सी-सेव्हन ३१२. दीड तासात २५ वाढल्या होत्या. माल शाबूत होता, गोदाम शाबूत होतं. रस्त्यात खड्डा होता.

तेव्हा मी तो प्रश्न विचारला, जो मी आल्या आल्या विचारायला हवा होता. चौदा वर्षं मी विचारत आलो होतो, "लाइट कधी गेली? किती वेळा आली-गेली?" त्या दिवशी विचारलं, "लाइट गेल्यावर तुम्ही काय केलंत?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग गल्ल्यापाशी बसणारा काकांचा पुतण्या म्हणाला, "काय नाय, डबा तिकडं नेला. इन्व्हर्टरचा पॉइंट त्या भिंतीला हाय ना. पट्ट्या अडल्या होत्या. मग लाइट आल्यावर परत हितं आणला."

"कसा उचलला?"

त्याने हात करून दाखवलं. हवा लागावी म्हणून कॅबिनेटचा एका बाजूचा पत्रा कधीच काढून ठेवलेला होता. त्या उघड्या बाजूने आत हात घालून, आतली पट्टी धरून, पाण्याची घागर उचलावी तसा त्याने तो उचलला होता. मी बॅटरीचा उजेड आत टाकला. डिस्कची लाल केबल मदरबोर्डाच्या टोकाला अर्धी सुटून तिरकी लोंबत होती. पूर्ण सुटली असती तर मशीन सुरूच झालं नसतं आणि पाच मिनिटांत सापडलं असतं. अर्धी सुटली म्हणून दिवसभर सगळे लाइटला शिव्या देत बसले.

लाइट गेली हे खरं होतं. पण लाइटने काही केलं नव्हतं. लाइट गेल्यावर माणसांनी जे केलं, ते त्याचं कारण होतं. आणि तसं त्यांनी का केलं? कारण टेबलाखालचा यूपीएस तीन वर्षांपासून नुसता एक्स्टेन्शन बोर्ड झाला होता. आतली बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची बॅटरी फुगून मेलेली. अशी बॅटरी दोन-तीन वर्षं टिकते. त्यानंतर यूपीएस दिवा दाखवतो, पण लाइट गेली की तोही तिच्याबरोबर जातो. मशीनच्या पॉवर सप्लायला लाइट गेल्यावर तग धरायला सेकंदाचा पन्नासावा-साठावा भाग मिळतो, त्याहून जास्त नाही. यूपीएसने तेवढ्यात सूत्रं हाती घ्यायची असतात. मेलेली बॅटरी काय घेणार? तेव्हा कारण शोधत मागे मागे गेलं, तर ते काल दुपारी साडेतीनला सापडत नव्हतं. ते तीन वर्षांपूर्वी न बदललेल्या बॅटरीत होतं. यंत्र ज्या दिवशी बिघडल्याचं आपल्याला कळतं, त्या दिवशी ते बिघडलेलं नसतंच.

माझ्या पिशवीतली ऐंशी रुपयांची नवी केबल लावली, खटका बसेपर्यंत दाबली, पत्रा शोधून आणायला लावला आणि बसवला. मशीन दीड मिनिटात उघडलं. वेगाच्या रकान्यात ६००. पहिली पट्टी छापून निघाली तेव्हा पुढे बसलेला एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "आली बघा गाडी." दिवाणजींनी हातातली पट्टी मात्र पूर्ण केली. अर्धी सोडायची त्यांना सवय नव्हती.

संध्याकाळी काकांनी न विचारता केबलचे, यूपीएसच्या नव्या बॅटरीचे आणि माझ्या मजुरीचे पैसे दिले. दिवाणजींनी खर्चाची नोंद केली. मी वाकून पाहिलं तर माझी मजुरी त्यांनी 'हमाली' या खात्यावर टाकली होती. आधी हसू आलं. मग वाटलं, त्या दिवशी मी केलं ते तेच होतं. माल न सांडता एका जागेवरून दुसऱ्या जागी नेला.

तुमच्याकडेही पावसाळ्यात लाइट जाईल, येईल आणि मशीन रांगायला लागेल. तेव्हा दुरुस्तीवाल्याला बोलवा, पण त्याच्या हातात मशीन देण्याआधी दोन गोष्टी करा. तुमच्या कामाच्या फाइलींची एक प्रत बाहेर काढून घ्या. ती आधीपासून असेल तर फारच उत्तम. आणि लाइट गेल्यावर घरातल्या कुणी काय हलवलं, काय उपटलं, कुठे लावलं, ते आठवून त्याला सांगा, कितीही क्षुल्लक वाटलं तरी. तो आल्या आल्या "फॉर्मॅट मारू या" म्हणाला, तर त्याला थोडं थांबवा. मी तो माणूस होतो, म्हणून सांगतो.

काकांकडे मी दर सप्टेंबरात हंगामाआधी जातो, धूळ काढतो, यूपीएसची बॅटरी तपासतो आणि सहज ते आरोग्यपत्रक उघडून पाहतो. सी-सेव्हनचा तो आकडा पुसता येत नाही, डिस्क तो शेवटपर्यंत जपते. अजून ३१२ च आहे. वाढलेला नाही, आणि कमीही होणार नाही.